पाचवी पट्टी

गुण्याखालून उजेड दिसला आणि मी मशीन बंद केली. एवढंच झालं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाई पाणी प्यायला थांबली. बडनेरा रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कूलर घरघरत होता, सुगत बाहेर टेम्पोवाल्याशी प्लायच्या तुटक्या कोपऱ्यावरून हुज्जत घालत होता, आणि मी हातात एक ताजा कापलेला तुकडा धरून खिडकीशी उभी होते. गुण्या म्हणजे सुताराचा लोखंडी काटकोन. फळीच्या कोपऱ्याला तो लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. काप नीट असेल तर लोखंड आणि लाकूड यांच्या मधे काही दिसत नाही, नसेल तर एका टोकाला उजेडाची बारीक रेघ दिसते. दुसऱ्यांच्या कामात मी ही रेघ चिक्कार पाहिली होती, आणि पाहून नाक मुरडलं होतं. माझ्या स्वतःच्या कापाखाली ती पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. पहिल्यांदा काय वाटलं असेल तर लाज. चक्क मागे वळून पाहिलं, कोणी पाहून तर नाही ना राहिलं. मग तो तुकडा भुश्याच्या पोत्यामागे सरकवला आणि दुसरा कापायला घेतला.

दुसऱ्याखालीही रेघ. मग माझं डोकं फिरलं. आधी प्लायला शिव्या घातल्या, मेलं आजकालचं प्लाय, वर कागद आणि आत भुसा. पण प्लायची पाटी उलटीपालटी करून पाहिली तर बिचारी सरळ होती. मग पात्यावर घेतलं. पातं परवाच धार लावून आलेलं, एक दात वाकडा नाही. उरली मशीन. आमची मशीन म्हणजे लोखंडी अँगलची चौकट, मधे गरगरणारं गोल पातं, आणि शेजारी एक सरकता पाट. पाटावर फळी ठेवायची, आडव्या पट्टीला घट्ट टेकवायची, आणि पाट ढकलत ढकलत फळी पात्यातून न्यायची. जागा काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती माती आकसते, भेगा पडतात आणि फरशी बसते. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि फरशीला वर उचलते. फरशीबरोबर मशीनचा मागचा डावा पाय खाली-वर होतो, चौकट पिळते, पाट तिरपा धावतो. म्हणून त्या पायाखाली पाचर. बाभळीच्या दोन पाचरी मी स्वतः तासलेल्या आहेत, एक उन्हाळी आणि एक पावसाळी. मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर त्या बदलायच्या. सुगत खाली पालथा पडून हातोडीनं ठोकतो, मी वर पाटावर तळवा ठेवून सांगते, अजून, अजून जराशी, बस. लोकांच्या घरी सणावाराला पडदे बदलतात, आमच्याकडे पाचरी बदलतात. तर मी हाक मारली, "अवो, मागची पाचर ढिली झाली का पहा बरं."

सुगत आला नाही. दारातूनच म्हणाला, "पाचरीचं तू पाहूच नोको. पाचर एकदम मस्त हाय." आणि हसला. त्या हसण्यात काहीतरी होतं. मनात मी त्याला सुगतच म्हणते, तोंडावर तुमी म्हणते, आणि त्याची सगळी हसणी मला पाठ आहेत. गिऱ्हाइकासमोरचं वेगळं, सासऱ्यासमोरचं वेगळं. हे कोणतं ते मला ओळखता येईना. मी पुन्हा गुण्याकडे वळले. आता तोच एक उरला होता. गुण्या बाबांचा आहे, त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे बापालाच खोटं म्हणायचं. तरी घेतला. पाटीवर गुण्या लावून पेन्सिलनं रेघ मारली, मग गुण्या पालथा करून त्याच जागी दुसरी रेघ मारली. गुण्या बिघडलेला असेल तर दोन रेघा फाकतात. फाकल्या नाहीत. रेघेवर रेघ अशी बसली की एकच वाटावी. म्हणजे प्लाय नीट, पातं नीट, पाचर नीट, गुण्या नीट. आता राहिलं कोण? मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात आपला साधा, भुश्यानं माखलेला, नखाच्या कडेला फेविकॉल वाळलेला.

बाबांचाही असाच होता. अकोल्याला जुन्या शहरात जानराव मिस्त्रींचा सुतारखाना म्हटलं की रिक्षावाला आणून सोडायचा. मी शाळेतून आले की दप्तर फेकून तिथेच. माय ओरडायची, पोरीच्या जातीनं काय भुश्यात लोळावं, आणि बाबा म्हणायचे, लोळू दे, भुसा धुतला का निंघते. पाचवी पट्टी त्यांनीच शिकवली. एक चौकोनी तुकडा घ्यायचा, पहिली बाजू कापायची. मग कापलेली बाजू आडव्या पट्टीला लावून दुसरी, मग तिसरी, मग चौथी. तुकडा सगळा फिरून पुन्हा पहिल्या बाजूशी आला की तिची बोटभर रुंद पट्टी काढायची. ती पाचवी पट्टी. एका कापात केसाएवढी चूक असते, ती डोळ्याला दिसत नाही, गुण्यालाही कधी कधी चकवते. पण चार वेळा फिरून आल्यावर ती चौपट होते आणि त्या पट्टीत येऊन बसते. पट्टी मधोमध तोडायची, तिची दोन टोकं शेजारी शेजारी ठेवायची, आणि एकावरून दुसऱ्यावर नख फिरवायचं. एक टोक जाड, एक बारीक असलं की नख अडतं. बाबा डोळे मिटून नख फिरवायचे. मला तेव्हा वाटायचं की ते काहीतरी ऐकतात. माझं नख त्यांनी स्वतःच्या बोटानं धरून फिरवलं होतं, आणि "अडलं?" असं विचारलं होतं. मी "नाई" म्हटलं तेव्हा "मंग जेव आता," म्हणाले.

आणि मग एका उन्हाळ्यात त्यांचंच नख अडायला लागलं. मी तेव्हा कॉलेजात होते. कपाटाची दारं बसेनात, खण अर्ध्यात रुतायला लागले. बाबा दिवसभर पट्ट्या काढत, तोडत, नख फिरवत, आणि म्हणत, "हात नाई बिघडला, शालू. मशीन बिघडली." आम्ही म्हणायचो, हाव बाबा. मायही म्हणायची, हाव ना, मशीनच बिघडली, लहान लेकराची समजूत घालतात त्या आवाजात. कारण तोपर्यंत चहाची बशी त्यांच्या हातात वाजायला लागली होती. घरात सगळ्यांनी ती ऐकली होती. माय त्यांच्या अवतीभवती फार आनंदी चेहऱ्यानं वावरायची, कारण नसताना विचारायची, कसं चालू हाय काम? बाबा तिच्याकडे पाहायचे, मग मशीनकडे. एक दिवस त्यांनी गुण्या पुसून माझ्या हातात दिला. "माह्या हाती आता हा शोभत नाई," म्हणाले, आणि सुतारखान्याला कुलूप लावलं. पुढे ते पुष्कळ जगले, आणि बरे जगले. माझ्या लेकीला, रश्मीला, खांद्यावर घेऊन मोर्णा नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणायचे, ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे, मायशी भांडायचे. पण कोणाच्याही घरी गेले की टेबलाच्या कडेवर त्यांचं नख हळूच फिरायचं.

"काय वो, कशी चालून राहिली मशीन?" सुगत आत आला होता. घामेजलेला, आणि चेहरा फार आनंदी.

"कशी म्हणजे? चालते तशी चालते."

"काई फरक वाटते का?"

"कायचा फरक?"

"नाई, असंच. दोन हप्ते तू अकोल्याले होती ना, म्हून इचारलं." आणि पुन्हा तेच हसू.

मी म्हटलं, मले काम करू द्या. तो गेला नाही. पंख्याखाली उभा राहून माझ्याकडे, पाटाकडे, पुन्हा माझ्याकडे पाहत राहिला. म्हणजे याला कळलं आहे. माझ्या आधी कळलं आहे. मी अकोल्याला रश्मीच्या बाळंतपणाला गेले तेव्हा याने माझे मागचे काप पाहिले असतील, गुण्या लावला असेल, रेघ पाहिली असेल, आणि आता मायसारखा आनंदी चेहरा करून माझ्याभोवती फिरतो आहे. मला त्याचा असा संताप आला की हातातला तुकडा फेकून मारावा. फेकला नाही. तुकडा चांगला होता, नुसता तिरपा होता.

एरवी तिरपा तुकडा कुठे ना कुठे खपतो. कपाटाच्या तळाचं फळकुट म्हणून लावला, माइका चिकटवला की कोण पाहतं? पण हे काम तिवशाचं होतं. खुशालराव म्हणून आहेत तिथले, त्यांनी आपल्या तुरीच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये अभ्यासिका काढायची ठरवली. गावोगावची पोरं-पोरी स्पर्धा परीक्षांसाठी दिवस दिवस बसतात, त्यांच्यासाठी एकाला एक जोडलेली टेबलं, मधे आडोशाच्या फळ्या, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग ओळ. खुशालराव मला म्हणाले होते, "ताई, पोरं तिथं वर्ष वर्ष बसतीन. वाकडं नोका ठेवजा, नाई त लेकरं त्याच फटीकडं पाहत बसतीन." एका टेबलात केसाएवढी चूक कोणाला दिसते? पण ओळ पुढे जाते तशी चूक पुढे जाते, वाढत जाते, आणि शेवटच्या भिंतीशी जाऊन ती हातभर तोंड वासून उभी राहते. जून लागायच्या आत सगळं बसवून द्यायचं होतं. बाहेर कारागीर पाहावा तर लग्नसराईत कोण मोकळा? आणि पाहावा तरी कशासाठी, कापते तर मीच. पहिल्याच वर्षी सुगतच्या करंगळीचं टोक पात्यानं नेलं, तेव्हापासून त्यानं चालू मशीनला हात लावला नाही. तो मापं घेतो, गिऱ्हाइकं सांभाळतो, दारं-बिजागऱ्या बसवतो. काप माझा. शालूताईचा काप, असं अमरावतीतले दोन-चार आर्किटेक्टसुद्धा म्हणतात. मी आहे कोण, असं मला कोणी विचारलं तर मी कोणाची आई आणि कोणाची बायको हे नंतर सांगीन.

दुपारी जेवताना मी हाताची परीक्षा घेतली. कैरीच्या पन्ह्याचा ग्लास काठोकाठ भरला आणि उचलला. एक थेंब सांडला नाही. सुगत म्हणाला, "एवढा भरते काहून वो?" मी म्हटलं, तहान लागली. जेवण झाल्यावर ब्लाउजच्या निसटलेल्या हुकासाठी सुई घेतली, पहिल्या फटक्यात दोरा ओवला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहून पाहिलं. तेच अक्षर, शाळेतलं, वळणदार. अकोल्यात तर बाळाची नखं मी काढली होती. रश्मी घाबरून बाजूला झाली, जावई घाबरला, आणि मी कूलरसमोर मांडी घालून बसले, ते मटाराच्या टरफलासारखं नख धरलं आणि अलगद काढलं. दहाच्या दहा. तेव्हा हात कुठे हलला होता? बाळ झोपेत हसलंसुद्धा. त्या आठवणीनं मला इतकं बरं वाटलं की मी तिथल्या तिथे हसले, आणि लगेच पुन्हा भीती वाटली. बाबांचीही बशी रोज वाजायची नाही. काही दिवस ते माझ्यापेक्षा सरळ हातानं चहा प्यायचे.

तेवढ्यात रश्मीचाच फोन आला. ती अकोल्याला विद्यापीठात मातीची तपासणी करते, सध्या सुट्टीवर आहे, आणि घरी बसून तिला जगाच्या चौकशा सुचतात. "आई, पोचली का नीट? बाळ तुले शोधून राहिलं. आणि मशीन कशी हाय?"

"मशीनचं तुले कायले पायजे?"

"असंच," ती म्हणाली, आणि मला शपथेवर सांगता येईल, ती हसू दाबत होती. म्हणजे लेकीलाही कळवलं. दोघांनी मिळून ठरवलं असेल, आईला कसं सांगायचं. मी म्हटलं, बाळाला घाम येते का पाहजो, आणि फोन ठेवला. रडू आलं नाही, रागच आला. मला सांगायला यांना तोंड नाही? मी काय काचेची आहे? बाबांना आम्ही कोणीच तोंडावर सांगितलं नाही, ते मला आठवलं, आणि राग आपोआप खाली बसला.

सुगत जेवणानंतर खाटेवर लवंडला की तासभर उठत नाही. मी एकटीच वर्कशॉपमध्ये गेले. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. एक चौकोनी तुकडा घेतला, मशीन लावली. आज एकदा काय ते कळून जाऊ दे. मी पाट ढकलला. पात्याचा आवाज प्लायमध्ये शिरला की खाली येतो, जड होतो, आणि बाहेर पडला की पुन्हा चढतो. हा आवाज मला आवडतो, इतकी वर्षं झाली तरी आवडतो. पहिली बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. मग पाचवी पट्टी काढली. मशीन बंद केली. पातं पूर्ण थांबेपर्यंत मी पट्टी हातात धरून ठेवली. मग ती मधोमध तोडली, दोन टोकं शेजारी ठेवली, डोळे मिटले आणि नख फिरवलं.

नख अडलं. अडलं म्हणजे काय, ठेचकाळलं.

मी तिथेच स्टुलावर बसले. मला वाटलं होतं तेवढं भयंकर काही वाटलं नाही. माणसं म्हातारी होतात, हात जातात. बाबांनी कुलूप लावलं, मीही लावीन. अकोल्याला जाईन, बाळाला खांद्यावर घेऊन पुलापर्यंत नेईन. मनातल्या मनात मी ते सगळं लावून पाहत होते, आणि नीट बसतही होतं. फक्त हा आवाज नसेल. आवाज खाली जाणं आणि पुन्हा चढणं. तिथे मात्र ते बसेना. मी उठले, घरात गेले आणि सुगतला हलवून उठवलं. "चला. एक तुकडा कापून द्या मले."

तो ताडकन बसला. "मी?"

"तुमीच."

"अवो, मी कसा? तुले मालूम हाय ना..." त्यानं टोक गेलेली करंगळी वर केली.

"मालूम हाय. मी बाजूले उभी राहतो. पण कापा."

तो चपला घालून आला. मशीन सुरू झाली तसा त्याचा रंग उतरला. हात इतके कापत होते की फळी पाटावर वाजत होती, अगदी बाबांच्या बशीसारखी. मी शेजारी उभी राहून सांगत गेले, टेकवा, आता ढकला, हळू, फिरवा, पुन्हा टेकवा. त्यानं श्वास कोंडून धरला होता. शर्ट पाठीला चिकटला. चारी बाजू झाल्या, पाचवी पट्टी निघाली, मी मशीन बंद केली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्यासाठी पुष्कळ काही केलं असेल, पण हे त्याला फार जड गेलं, ते मला दिसत होतं. मी पट्टी तोडली, टोकं जुळवली, नख फिरवलं.

नख कुठेच अडलं नाही. मी उलट्या बाजूनं फिरवलं, डोळे उघडून फिरवलं. काचेवरून फिरावं तसं गेलं.

"माझा हात गेला," मी म्हटलं. एवढा सोपा होता तो शब्द. "तुमाले मालूम होतं ना? सकाळपासून इचारून राहिले, फरक वाटते का, फरक वाटते का. सरळ सांगाचं होतं. तुमचा हात असा लटलट कापते, तरी तुमचा काप सरळ येते, आणि माझा..."

सुगत कपाळावर हात मारून खाली बसला, भुश्यातच. "अवो बाप्पा! अवो, मी त मशीनचं इचारत होतो!" तो रांगत रांगत मशीनच्या मागे गेला आणि भुश्याची पोती ओढून बाजूला केली, पायांशी पसरलेला भुसा हातानं लोटला. "हे पाय. ये इकडं. वाक जराशी."

मी वाकले. मागच्या डाव्या पायाखाली पाचर नव्हती. फरशीच कापलेली होती, आणि चारी पायांखाली सिमेंटचे चौकोनी खांब उतरले होते, जाड बोल्टांनी आवळलेले. तो भराभरा बोलत होता, पोरासारखा. रश्मीनं सांगतलं का बाबा, काळ्या मातीवर पाचरीनं काय होते, मुरूम लागेपर्यंत खोदा. कमरेइतकं खोदलं, मंग मुरूम लागला. मंग फिटर बोलावला, त्यानं पातं, पाट, पट्टी, सगळं मापाचं घड्याळ लावून जुळवलं. आता उन्हाळा का पावसाळा, मशीन हालाची नाई. "तुले पहिल्याच कापाले समजीन वाटलं. म्हून सांगतलं नाई. तू म्हणशीन, अवो, हे काय केलं तुमी! आणि तू त सकाळपासून तोंड पाडून. मले वाटलं, आवडलं नाई."

मी पुन्हा पाटाशी उभी राहिले. मशीन बंद, पातं थांबलेलं. नुसता पाट ढकलला आणि या वेळी हाताकडे न पाहता स्वतःकडे पाहिलं. आणि दिसलं. माझी डावी कंबर पाटाला टेकत होती. टेकत होती म्हणजे दाबत होती, जोरानं. पाचर ठोकली तरी चौकटीचा थोडा पीळ राहायचाच, पाट थोडा उजवीकडे पळायचाच, आणि त्याला ही कंबर इतकी वर्षं डावीकडे रेटत होती. मला न विचारता, न सांगता. वाकड्या मशीनवर मी वाकडी उभी राहून सरळ कापत होते. आता मशीन सरळ झाली होती, आणि मी तशीच होते.

आधी हसू आलं. सुगतही हसला, सुटल्यासारखा. मग मला त्याचे कापणारे हात आठवले, फळीचं ते वाजणं, आणि काचेसारखी निघालेली पट्टी. हात कापत होते तरी काप सरळ आला होता. पाट खरा असला, पाय खरे असले की कापऱ्या हातानंही पट्टी सरळ निघते. जुन्या शहरातली जमीनही काळीच होती. बाबांचा सुतारखाना नदीकडच्या उतारावर होता आणि त्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं, अंगणात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, मला लख्ख आठवतात. हात कापायचा ते खरं, बशी वाजायची ते खरं. पण मशीन बिघडली असं ते रोज सांगत होते, आणि मी, माय, कोणीच एकदा खाली वाकून पाहिलं नाही. "बाबा खरं सांगत होते हो," मी म्हटलं आणि मला हुंदका आला. सुगतला काही कळलं नाही. तो खांद्यावरचा टॉवेल पुढे करून उभा राहिला. मग मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "पण गुण्या तुलेच देल्ला ना त्याहीनं. दुकान बंद करणारा माणूस इकून टाकते सगळं, हत्यार पोरीच्या हाती नाई देत." हे मला कधी सुचलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तसा तिवशाचा विचार परत आला. कळलं म्हणून काय झालं? मी कापायला उभी राहिले की कंबर आपली टेकायचीच. आवरून धरली तर खांदे आखडायचे आणि पाट अडखळायचा. दोन तुकडे वाया गेले. सुगतचा चेहरा हळूहळू उतरला. "मंग पहिल्यासारखी करू का?" त्यानं विचारलं. "फिटरले बोलावतो. पाचरी मी फेकल्या नाई, ठेवल्या हायेत." आणि खरोखरच खिळ्यांच्या डब्यामागून त्यानं उन्हाळी पाचर काढून आणली. बाभळीची, काळी पडलेली, वरून हातोडीच्या ठोक्यांनी दबलेली. मी ती हातात घेतली, फिरवून पाहिली. चांगली तासली होती मी.

"खांब राहू द्या," मी म्हटलं. पाचर खाली ठेवली आणि तिच्यावर माझा डावा पाय ठेवला. सगळा भार उजव्या पायावर गेला. कंबर पाटापासून बोटभर दूर झाली आणि तिथेच राहिली, टेकायला तिला काही सापडेना. मी मशीन लावली. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. आवाज खाली जात होता, चढत होता. पाचवी पट्टी निघाली ती मी तोडली आणि सुगतपुढे धरली. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा डोळे मिटून नख फिरवलं.

"अडलं?" मी विचारलं.

"नाई."

गुण्या लावून खिडकीकडे धरला. उजेड नव्हता. मी तिवशाची पहिली पाटी पाटावर चढवली. सुगत माझ्या पायाकडे पाहत होता, आणि आताचं हसू मला ओळखता आलं, ते घरचंच होतं.

"आता ही पाचर काढाची कवा?"

"मिरग लागू द्या, मंग पाहू," मी म्हटलं. "पावसाळी बी हाताशी ठेवजा."